धान्य बंद करण्याआधी घड्याळ बघा



मागच्या उन्हाळ्यात एका गटाच्या मासिक बैठकीला गेले होते. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते झाले, वहीवर सह्या चालू होत्या. एक ताई नऊ महिन्यांच्या लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. लेकरू सारखं किरकिर करत होतं. शेजारच्या काकूंनी डब्यातला चपातीचा तुकडा त्याच्या हातात दिला, तसा ताईने तो पटकन काढून घेतला.

"नको काकू, ह्याला गहू बाधतो. तांदूळ बी बाधतो. ज्वारी तर अंगावरच उठली."

"मग खातो काय?"

"दूध. अन् दुधात बुडवून बिस्कीट."

मी विचारलं, "ताई, बिस्कीट कशाचं असतं?" सगळ्या गप्प. मग कोपऱ्यातून एक आजी म्हणाल्या, "अगं बाई, मैद्याचं की! अन् मैदा कशाचा? गव्हाचाच!"

सगळ्या हसल्या, पण त्या ताईचा चेहरा उतरला. दोन महिने ते लेकरू रोज गहूच खात होतं आणि त्याला काही होत नव्हतं. बैठक संपल्यावर आम्ही दोघी अंगणवाडीत गेलो. सेविकाताईंनी वजनाची नोंद दाखवली. सातव्या महिन्यात ६ किलो ८०० ग्रॅम, नवव्या महिन्यातही ६ किलो ८०० ग्रॅम. हिरव्या पट्ट्यातलं लेकरू पिवळ्यात आलं होतं.

मग एकेक करून विचारलं. उष्टावणाच्या दिवशी गव्हाची खीर दिली होती. त्या दिवशी वीस जणांनी त्याला चमचा लावला, पेढाही चाटवला. दुसऱ्या दिवशी जुलाब. म्हणून गहू बंद. भात सुरू केला तेव्हा लेकराला सर्दी-ताप होता, खोकल्याच्या उबळीसोबत उलटी झाली. भात बंद. ज्वारीची पेज सुरू केली ती ऐन उन्हाळ्यात, आणि मानेवर, पाठीवर पुरळ उठलं. ते घामोळं होतं. ज्वारी बंद. पुढे ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तपासून तिन्ही धान्यं एकेक करून परत सुरू करायला लावली. आज तो पोरगा भाकरी कुस्करून खातो. तीन धान्यांवर आळ आला होता, गुन्हा एकाचाही नव्हता.

पण याचा अर्थ धान्याची ॲलर्जी नसतेच असा नाही. असते, आणि कधीकधी जिवावर बेतते. म्हणून हा लेख. दोन्ही चुका आपल्याकडे होतात: नसलेली ॲलर्जी धरून लेकराला उपाशी ठेवणं, आणि असलेली ॲलर्जी न ओळखता तेच धान्य भरवत राहणं. दुसरी चूक मी स्वतः केली आहे. ती पुढे सांगते.

"बाधलं" म्हणजे नेमकं काय?

आपण एकच शब्द सगळ्याला वापरतो. जुलाब झाले, बाधलं. पुरळ आलं, बाधलं. पण सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू होतं, त्याच काळात लेकरू रांगायला लागतं, हाताला येईल ते तोंडात घालतं, दात येतात, सर्दी-खोकला होतो. या वयात जुलाब बहुतेक वेळा अस्वच्छ पाणी, न धुतलेले हात किंवा दुधाची बाटली यामुळे होतात. धान्याचा त्यात दोष नसतो.

ॲलर्जी वेगळी. आपल्या शरीरात रोगाशी लढणारी यंत्रणा असते. ती घराच्या राखणदार कुत्र्यासारखी समजा. चोर आला तर भुंकणं हे त्याचं काम. पण काही लेकरांत हा राखणदार घरच्याच पाहुण्याला चोर समजतो. धान्यात जी प्रथिनं असतात, त्यांच्यावरच तो तुटून पडतो. त्यामुळे अपचन जास्त खाल्ल्याने होतं, पण ॲलर्जीत एखादा चमचासुद्धा पुरतो. आणि ती एकदाच होऊन थांबत नाही, ते धान्य दिलं की बहुतेक वेळा पुन्हा तेच होतं.

मग ओळखायचं कसं? माझ्या मते घरातली सगळ्यात उपयोगाची वस्तू म्हणजे घड्याळ. खाल्ल्यानंतर किती वेळाने त्रास झाला, हे बघायचं. तीन वेळा लक्षात ठेवा.

पहिली वेळ: काही मिनिटांपासून दोन तासांपर्यंत

ही झटपट येणारी ॲलर्जी. धान्यांमध्ये ती गव्हाची जास्त दिसते. गव्हाची खीर, लापशी, चपाती, बिस्कीट असं काही खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठतात, म्हणजे खाज येणारे लालसर फुगीर चट्टे. ओठ, डोळे सुजतात. उलटी होते, खोकला येतो.

नुसत्या गांधी आल्या आणि लेकरू खेळतंय, तर ते धान्य थांबवा, लेकरावर लक्ष ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पण पुढचं काहीही दिसलं तर थांबू नका:

– श्वासाला घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज, छाती आत ओढली जाणं
– आवाज बसणं, जीभ सुजणं, लाळ गळत राहणं
– लेकरू एकदम गळून जाणं, पांढरंफटक किंवा निळसर पडणं
– गांधी आणि त्याबरोबर पुन्हा पुन्हा उलट्या

अशा वेळी लगेच १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या दवाखान्यात न्या. यावर औषध म्हणजे मांडीत दिलं जाणारं ॲड्रिनालीनचं इंजेक्शन, आणि ते जितकं लवकर तितकं चांगलं. घशात बोट घालून उलटी काढू नका. पाणी, ताक, काढा काही पाजू नका. नजर उतरवण्यात वेळ घालवू नका. लेकराला आडवं ठेवा. श्वासाला त्रास होत असेल तर टेकवून बसतं ठेवा. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हे सांगा: "अमुक खाल्लं आणि इतक्या मिनिटांत हे झालं."

दिलाशाची गोष्ट अशी की लहानपणी गव्हाची ॲलर्जी असलेली बरीच मुलं पुढे काही वर्षांत त्यातून बाहेर येतात. मात्र गहू परत सुरू करायचा तो डॉक्टर सांगतील तेव्हा आणि सांगतील तसाच. घरी "बघू या जरासा देऊन" असं करू नका.

दुसरी वेळ: एक ते चार तासांनी

आता माझी चूक सांगते.

एका वस्तीवरच्या ताईची मुलगी सात महिन्यांची होती. ताई मला म्हणाली, "मॅडम, भाताची पेज दिली की दोन-अडीच तासांनी उलट्या सुरू होतात. सात-आठ वेळा ओकते, मग मान टाकून झोपते. अंग गार पडतं." मी विचारलं, पुरळ येतं का? नाही. ताप? नाही. जुलाब? रात्री थोडे. मला वाटलं, तांदूळ तर सगळ्यात हलका, आजाऱ्यालाही आपण पेजच देतो. मी प्रशिक्षणात ऐकलेलंच सांगितलं, "थोडं थोडं देत राहा ताई, सवय होईल." सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली.

तिने परत दिली, आणि परत तेच झालं. तिसऱ्या वेळी लेकरू इतकं मलूल झालं की जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावं लागलं, सलाईन लावावं लागलं. तिथे आधी जंतुसंसर्ग असावा असं वाटलं. पण ही ताई आमच्या गटाची सचिव. तिने बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर तिन्ही वेळचं लिहून ठेवलं होतं: तारीख, किती वाजता पेज दिली, किती वाजता पहिली उलटी, किती उलट्या. तिन्ही वेळा पेज, आणि तिन्ही वेळा दोन ते अडीच तासांनी. मधल्या दिवसांत ज्वारीची पेज दिली होती, तेव्हा काही नाही. बालरोगतज्ज्ञांनी ते पान वाचलं आणि म्हणाले, "तांदूळ बंद करा."

या आजाराला डॉक्टर इंग्रजी आद्याक्षरं जोडून "एफपायस" म्हणतात. ही आतड्याची ॲलर्जी. धान्यांमध्ये ती तांदूळ आणि ओट्स यांनी जास्त होते, गव्हानेही होऊ शकते. हिच्यात अंगावर गांधी येत नाहीत, म्हणून कुणाला ॲलर्जीचा संशय येत नाही. त्वचेची किंवा रक्ताची ॲलर्जीची तपासणीही बहुतेक वेळा काही दाखवत नाही. खाणं आणि उलटी यांच्यातलं ठरावीक अंतर हाच मोठा पुरावा, आणि तो आईजवळ असतो. उलट्या थांबत नसतील आणि लेकरू गळून गेलं असेल, तर ओआरएस पाजत घरी थांबू नका. पोटात काही टिकत नाही, तेव्हा सलाईनच लागतं.

ती मुलगी आता दोन वर्षांची होईल. ज्वारी, नाचणी, मूगडाळ, अंडं सगळं खाते. तांदूळ अजून बंद आहे. हा त्रास बहुतेक मुलांत तीन ते पाच वर्षांच्या वयापर्यंत जातो, पण परत देऊन बघायचं ते दवाखान्यात, डॉक्टरांसमोर.

त्या दिवसापासून मी एक धडा घेतला. आई जेव्हा म्हणते "दर वेळी असंच होतं", तेव्हा आधी तिचं पूर्ण ऐकायचं, सल्ला नंतर.

तिसरी वेळ: आठवड्यांनी, महिन्यांनी

हा आजार ॲलर्जीचा नाही, पण लोक त्यालाही "गव्हाची ॲलर्जी" म्हणतात. त्याचं नाव सीलिॲक. गहू आणि जव यात ग्लुटेन नावाचं चिकट प्रथिन असतं. त्यामुळेच कणीक लवचिक होते आणि चपाती पातळ लाटता येते. ज्वारीच्या पिठात ते नाही, म्हणून भाकरी थापावी लागते. काही लेकरांत या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्याचं नुकसान करतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही.

गहू सुरू झाल्यावर हे हळूहळू दिसू लागतं: पातळ, घाण वास येणारी, जास्त शी, फुगलेलं पोट आणि काडीसारखे हातपाय, चिडचिड, भूक मरणं, वजन न वाढणं, औषध देऊनही न हटणारा रक्तक्षय. आपण त्याला कुपोषण म्हणतो, आणि खायला म्हणून अजून गव्हाचाच शिरा देतो.

याचं कारण गहू आहे हे डॉक्टर विलेम डिके यांनी शोधलं. ते नेदरलँड्समधल्या हेग शहरात लहान मुलांचे डॉक्टर होते. पाव बंद केला की माझ्या लेकराला बरं वाटतं, असं एका आईने सांगितल्यावर त्यांचं लक्ष तिकडे गेलं, असं सांगतात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे पावाचा दुष्काळ पडला, तेव्हा ही आजारी मुलं सुधारली. पाव परत मिळू लागला, तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध मांडला. म्हणजे त्या मोठ्या शोधाच्या सुरुवातीलाही एका आईचं निरीक्षण होतं.

भारतात हा आजार गहू जास्त खाणाऱ्या उत्तरेकडे जास्त दिसतो. पण आता आपल्याकडेही रोज चपाती आहे आणि लेकरांच्या हातात बिस्कीट, टोस्ट आहे. इथे एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा: सीलिॲकचा संशय असेल तर तपासणीआधी गहू बंद करू नका. बंद केला तर रक्ताची तपासणी खोटी चांगली येते. आधी तपासणी, मग निदान, मग पथ्य. हे पथ्य जन्मभराचं असतं, म्हणून अंदाजाने सुरू करायचं नाही.

ज्या लेकराला डॉक्टरांनी गहू बंद सांगितलाय, त्याच्या घरी हेही बघा. रवा, मैदा, शेवया, लापशी, कुरडई, पाव, टोस्ट हा सगळा गहूच. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. डबीतल्या हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. गिरणीत गव्हाच्या मागोमाग ज्वारी दळली तर त्यात गव्हाचं पीठ येतं, म्हणून गिरणी झाडून सकाळी पहिलं दळण आपलं लावायला सांगा, नाहीतर घरच्या जात्यावर किंवा मिक्सरवर दळा. पाकिटावर "गहू" किंवा "ग्लुटेन" लिहिलंय का, ते शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या. आणि घाबरू नका. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी, राजगिरा यांत ग्लुटेन नसतं. आपल्या सासू-आजीचा सगळा स्वयंपाक यातच होता.

नवं धान्य सुरू करताना

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध. त्यानंतर वरचं खाणं सुरू करा आणि अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवा. ॲलर्जीच्या भीतीने गहू वर्षभर लांबवला तर ॲलर्जी टळते, असं नाही. उशीर केला तर लेकराचं वजन मात्र मागे पडतं.

१. एका वेळी एकच नवं धान्य. दोन-तीन चमच्यांनी सुरुवात करा आणि तीन दिवस तेच द्या. ठीक वाटलं की पुढचं. महिना-दीड महिन्यात घरातली सगळी धान्यं आणि डाळी होऊन जातात.

२. सकाळी द्या, म्हणजे दिवसभर लक्ष राहतं. ताप, जुलाब असताना किंवा लस दिलेल्या दिवशी नवं काही सुरू करू नका.

३. पहिल्यांदा धान्य पाण्यात किंवा आईच्या दुधात शिजवा-कालवा. गाई-म्हशीच्या दुधातली खीर दिली आणि त्रास झाला, तर दोष गव्हाचा की दुधाचा ते कळत नाही. लहान बाळांत दुधाची ॲलर्जी बरीच दिसते.

४. पातळ पाणी नको. चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतकं घट्ट करा. नंतर त्यात वरण आणि चमचाभर तेल किंवा तूप घाला.

५. उष्टावण जरूर करा, पण हात धुऊन, एकाच पदार्थाने. पेढा, बर्फी पाहुण्यांना.

६. अंगावर कोरडे, खाजरे, चिरलेले चट्टे असतील तर अशा बाळाला कणकेने किंवा डाळीच्या पिठाने चोळू नका. फुटलेल्या त्वचेतून अन्नाचे कण आत गेले तर त्याची ॲलर्जी जडू शकते, असं डॉक्टर सांगतात.

आणि बाळाला त्रास झाला म्हणून आईने स्वतःचं खाणं किंवा बाळाचं अंगावरचं दूध बंद करू नये. नुसत्या एका रिपोर्टवरून पाच-सहा पदार्थ बंद करू नका. एक धान्य बंद झालं तर त्याच्या जागी दुसरं कोणतं द्यायचं, ते त्याच दिवशी ठरलं पाहिजे. रिकामी वाटी हे कुठल्याच आजाराचं पथ्य नाही.

आपल्याला येतं तेच करायचंय

आपण हिशेब ठेवणाऱ्या बाया आहोत. रुपयाचा जमाखर्च लिहितो, तसाच लेकराच्या घासाचा लिहायचा. वहीच्या मागच्या पानावर पाच रकाने पाडा: तारीख – काय दिलं – किती वाजता – काय झालं – किती वाजता. लिहिता येत नसेल तर गटातल्या मैत्रिणीला सांगा. हे पान आशाताईंना, अंगणवाडी ताईंना, डॉक्टरांना दाखवा. आरबीएसकेचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, तेव्हाही दाखवा.

पुढच्या बैठकीत दहा मिनिटं यासाठी काढू या. गटात दोन वर्षांखालची लेकरं किती, त्यातल्या कुणाचं एखादं धान्य बंद आहे, ते कुणी बंद केलं, का केलं, आणि वजन किती, एवढंच विचारायचं. ज्या लेकराचं वजन दोन महिने हललं नाही, त्याच्या आईबरोबर दवाखान्यात गटातली एक जण जाईल, असं ठरवू या. एकटीचं म्हणणं कधीकधी ऐकलं जात नाही. दोघी गेल्या आणि हातात लिहिलेलं पान असलं, की ऐकावं लागतं.

तुमची,
क्षेत्र समन्वयक